गाण्याला हात लागतात

ल्हासा, ग्यांत्से, शिगात्से इथल्या मठांच्या आणि मोठ्या वाड्यांच्या गच्च्या गाण्याच्या तालावर बसवलेल्या असत. चुनखडीचे खडे आणि माती यांचा एक मसाला असतो, त्याला आर्का म्हणतात. आधी जाड, मग बारीक अशा थरांनी तो पसरायचा आणि दिवसचे दिवस ठोकायचा. ठोकणारी माणसं रांगांनी उभी राहतात. त्यांत बायाच जास्त. प्रत्येकीच्या हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चपटा दगड. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, पावलं पुढे-मागे पडतात आणि सगळे दगड एकदम खाली येतात. ताल ढळला तर थर एकजीव होत नाही, आणि एकजीव न झालेल्या थरातून पाणी झिरपतं. शेवटी गुळगुळीत गोट्यांनी घासून वरून झाडाच्या सालीचा चिकट रस आणि मोहरीचं तेल चोळतात. तोंड दिसेल इतकी ती गच्ची चमकते.

हे मला पहिल्यांदा कळलं ते गोठणगावला, इटियाडोह धरणाच्या परिसरात. आज हा भाग गोंदिया जिल्ह्यात येतो. माझ्या लहानपणी तो भंडारा जिल्हाच होता. माझ्या आबाजींच्या धानाच्या बांध्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीच्या शेजारी होत्या, आणि त्या वसाहतीतल्या एका म्हातारीचं आमच्याकडे येणं-जाणं होतं. तिला सगळी मुलं मोमोला म्हणत, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायचो. हिंदी, मराठी आणि तिची तिबेटी असं मिसळून ती बोलायची. ग्यांत्से आणि शिगात्सेच्या मधल्या न्यांग नदीच्या खोऱ्यात तिचं गाव होतं. तरुणपणी गावातल्या बायांबरोबर ती एका मठाच्या गच्चीवर आर्का ठोकायला गेली होती.

“ते गाणं म्हण ना,” असं मी म्हटलं तेव्हा ती पाटावर बसली होती. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली. पुढचं आठवेना. जरा वेळाने ती उठली, माझ्या आजीचं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि अंगणात उभी राहिली. मुसळ जमिनीवर आपटलं, एक पाऊल पुढे, एक मागे, आणि गाणं आलं. सगळंच्या सगळं आलं, एका कडव्यामागून दुसरं, मध्ये कुठे अडलं नाही. त्या दिवशी मला समजलं की ते गाणं तिच्या डोक्यात नव्हतंच. ते तिच्या दंडांत आणि टाचांत होतं.

गाणं गोड होतं म्हणून काम गोड नव्हतं, हेही तिनेच सांगितलं. ते काम म्हणजे गावावर बसलेली वेठ होती. जमीन कसायची तर मठाला, सरदाराला किंवा सरकारला इतक्या माणसांचे इतके दिवस द्यावे लागत. “गाणं नसतं तर दुपार सरलीच नसती,” ती म्हणायची. जुन्या तिबेटबद्दल बोलताना लोक त्याचा एकतर स्वर्ग करतात किंवा नरक. मोमोलाच्या गोष्टीत दोन्ही नव्हते. तिच्या गोष्टीत काम होतं, थंडी होती, आणि शेजारणीच्या आवाजात आवाज मिसळला की हलका होणारा दांडा होता.

ती इथे कशी आली तो इतिहास पुस्तकांत आहे. ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी सैन्य चाम्दोपर्यंत आलं. 10 मार्च 1959 ला ल्हासात उठाव झाला, 17 मार्चच्या रात्री दलाई लामांनी शहर सोडलं आणि 31 मार्चला ते भारताच्या हद्दीत पोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे 80,000 माणसं हिमालय ओलांडून आली. आसामात मिसामारीला आणि बंगालात बक्साला छावण्या उभ्या राहिल्या. मग हजारोंना हिमाचलात आणि सिक्कीममध्ये रस्ते बांधायच्या कामावर धाडलं गेलं. 1960 पासून कर्नाटकात बायलकुप्पे, पुढे मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशा वसाहती होत गेल्या. आमच्याकडची वसाहत 1972 ची. बर्फातून आलेल्या माणसांना मे महिन्यात विदर्भाचं ऊन काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पुस्तकांत नसलेलं मोमोला सांगायची. खिंड ओलांडताना तिच्याजवळ त्साम्पाची, म्हणजे भाजलेल्या जवाच्या पिठाची, एक पिशवी होती, आणि नवऱ्याजवळ आईची जपमाळ. नंतर रस्त्याच्या कामावर दगड फोडताना बाया आर्काचंच गाणं म्हणायच्या, कारण हातोडाही तसाच खाली येतो. तिथे ते गाणं टिकलं. गोठणगावला येऊन धान लावायची वेळ आली तेव्हा मात्र ते बसेना.

का बसेना, हे तिने मला रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहून दाखवलं. जवाच्या शेतात निंदण करणाऱ्या बाया ओळीने पुढे सरकतात; गाण्याचं पाऊल पुढचं असतं. आमच्याकडे रोवणीला बाया चिखलात वाकून रोपं लावत मागे मागे सरकतात. झाडीपट्टीच्या बायांची रोवणीची गाणी त्या मागच्या पावलाला धरून चालतात. मोमोला त्यांच्यात उभी राहायची, हात भराभर चालवायची, त्यांची गाणी ऐकायची, शिकलीही. तिची स्वतःची निंदणीची गाणी मात्र त्या चिखलात कधी उतरली नाहीत. त्यांना लागणारं पाऊल इथे पडतच नव्हतं.

तिच्या गावी जवाचं सबंध वर्ष गाण्यांतून जायचं. वसंतात पहिल्या नांगरटीला झोच्या, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या बैलाच्या, शिंगांना आणि जुवाला लाल गोंडे बांधत. नांगऱ्या त्याला गाण्यानेच बोलावी, वळवी, शाबासकी देई. कापणीच्या आधी ओंगकोरचा सण असे: धर्मग्रंथांच्या जाड पोथ्या पाठीवर बांधून सगळं गाव आपल्या शेतांना प्रदक्षिणा घाली, गारा पडू नयेत, पीक हाती लागावं म्हणून. मग कापणी, मळणी, तापलेल्या वाळूत जव भाजणं, चाळून वाळू काढणं आणि ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळणं. याकच्या मादीचं, म्हणजे ड्रीचं, दूध उंच लाकडी नळकांड्यात घुसळताना म्हणायचं गाणं आकड्यांचं असे. प्रत्येक दट्ट्याला एक आकडा. गाणं संपलं की लोणी आलंच पाहिजे, नाही आलं तर पहिल्यापासून. नव्या पिठाचा पहिला गोळा कुत्र्याला द्यायचा, कारण माणसाला धान्य मिळवून दिलं ते कुत्र्याने, अशी गोष्ट तिकडे सांगतात. मोमोलाने आमच्या बांधीचा पहिला भातही आधी आमच्या कुत्र्याच्या पुढ्यात ठेवला होता. माझ्या आजीने तिला अडवलं नाही.

मध्य तिबेटातल्या बहुतेक लोकगीतांची घडण साधी आहे: चार ओळी, ओळीला सहा अक्षरं, दोन-दोनच्या तीन पावलांत. एवढ्या लहान जागेत मावतं म्हणून ते गाणं कुणालाही रचता येतं आणि एकदा ऐकून पाठ होतं. सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांच्या नावावरची प्रसिद्ध प्रेमगीतं याच घडणीची आहेत. ते 1683 मध्ये तवांगच्या परिसरात जन्मले आणि 1706 मध्ये, चीनकडे नेलं जात असताना, वाटेत वारले. त्यांची कोणती आणि लोकांची कोणती, हे आता वेगळं काढता येत नाही, इतकी ती गाणी लोकांत मिसळली. त्यांतल्या लिथांगचं नाव असलेल्या एका गाण्यात लोकांनी पुढच्या जन्माची खूण वाचली, आणि 1708 मध्ये सातवे दलाई लामा लिथांगलाच जन्मले.

याच चार ओळींनी ल्हासाच्या रस्त्यावर राज्यकर्त्यांचा हिशेबही मांडला. पाणी भरणाऱ्या बाया घागरी पाठीवर घेऊन जाताना मंत्र्यांवर, सरदारांवर, बड्या लामांवर गाणी म्हणत. कुणी रचलं ते कुणालाच ठाऊक नसे, आणि दोन दिवसांत ते शहरभर होई. वर्तमानपत्र नसलेल्या त्या शहरात लोकांचं मत असं कानावर यायचं. मेल्विन गोल्डस्टीन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1982 मध्ये या गाण्यांवर सविस्तर लिहिलं. मोमोलाला त्यांतली दोन-तीन येत होती. कुणावरची आहेत ते विसरली होती, पण म्हणताना आवाज खाली आणायची.

वसाहतीतले एक आजोबा, पोपोला, शेतकरी नव्हते. ते चांगथांगचे, उत्तरेकडच्या उंच माळरानावरचे. तिथे जव पिकत नाही. तिथे काळे तंबू, याक, मेंढ्या आणि खाऱ्या पाण्याची सरोवरं. त्यांच्या गोष्टी मिठाच्या असत. थंडी ओसरली की पुरुषांची टोळी जनावरं घेऊन सरोवराकडे निघे. काठावरचं मीठ खरडायचं, ढीग करायचे, पिशव्या शिवायच्या. याकच्या पाठीवर मोठी पोती आणि मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोट्या लोकरी थैल्या. पुढे ते मीठ दक्षिणेच्या खोऱ्यांत नेऊन जवाशी बदलायचं. मोमोलाच्या गावच्या चहात पडलेलं मीठ कदाचित पोपोलांच्याच भागातून आलेलं असेल, असं ते दोघं एकमेकांना सांगत.

या वाटेवर बाई चालत नसे. सरोवर ही देवी. तिच्याजवळ नेहमीची भाषा चालत नसे. मिठाला जाणारे पुरुष आपसांत एक निराळीच भाषा बोलत, तिथे रोजच्या वस्तूंना दुसरी नावं. पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला ती शिकवत आणि तिच्याबरोबर मिठाची गाणी. उलरिके कोख यांनी 1997 मध्ये ‘तिबेटचे मीठवाले’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट केला, त्यात हा प्रवास दिसतो. आता ट्रक आले, कारखान्याचं मीठ आलं, आणि ती वाट मोडली. पोपोलांनी मिठाच्या गाण्यांबद्दल आम्हाला खूप सांगितलं, पण ती कधी म्हटली नाहीत. सरोवराला सोडून ती म्हणायची नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

गाणं कुठेही, कुणापुढेही म्हणायचं नसतं, हे मला तिथेच शिकायला मिळालं. ईशान्येकडच्या आम्दो प्रांतातून आलेले एक गृहस्थ होते. आम्दोच्या कुरणांवर तरुण-तरुणी ‘लाये’ नावाची प्रेमगीतं म्हणतात: एकाने एक कडवं टाकायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, डोंगराच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावर ऐकू जाईल अशा लांब, ताणलेल्या आवाजात. एका लोसारला, तिबेटी नववर्षाला, सगळ्यांनी त्यांना आग्रह केला. ते उठून बाहेर गेले. खोलीत त्यांची पुतणी बसली होती, आणि रक्ताच्या नातेवाइकांपुढे, विशेषतः बायकांपुढे, लाये म्हणणं ही त्यांच्याकडे मोठी लाजिरवाणी गोष्ट. वसाहतीत सगळे एका भिंतीला लागून राहतात. कुरण नाही, दुसरा उतार नाही. ते गाणं म्हणायला जागाच उरली नव्हती.

गोष्टींचं असं झालं नाही. गोष्टीला झो लागत नाही, आर्का लागत नाही, सरोवर लागत नाही. ऐकणारा एक मिळाला की ती उभी राहते. मोमोलाकडून ऐकलेली जी गोष्ट मी कधीच विसरलो नाही, ती प्रेताची.

एक मुलगा असतो. त्याच्या जिवावर उठलेल्या सात जादूगारांपासून पळत पळत तो गुहेतल्या आचार्य नागार्जुनांकडे येतो. जादूगार मरतात, पण सात जिवांचं पाप डोक्यावर बसतं. नागार्जुन त्याला प्रायश्चित्त सांगतात: दूरच्या शीतवनाच्या स्मशानात एक प्रेत आहे, ते घेऊन ये. ते आणलंस तर सगळ्या लोकांचं दारिद्र्य जाईल. इतर प्रेतं तुला घेरतील, त्यांना भुलू नकोस. ‘मला नको’ म्हणत झाडावर चढेल तेच आपलं. कुऱ्हाड दाखव, पिशवीत घाल, दोरीने बांध, पाठीवर घे. आणि वाटेत एक शब्दही बोलू नकोस. मुलगा प्रेत घेऊन निघतो. वाट लांबची. प्रेत म्हणतं, वेळ जात नाही, तर तू एक गोष्ट सांग, नाहीतर मी सांगतो. मुलगा गप्प. प्रेत सांगू लागतं. गोष्ट अशी रंगते की शेवटी मुलाच्या तोंडून ‘अरे वा!’ निघून जातं. त्या क्षणी पिशवी रिकामी. प्रेत पुन्हा स्मशानात, मुलगा पुन्हा पहिल्या पावलावर.

मी ओरडलो, “ही तर वेताळाची गोष्ट!” मोमोला म्हणाली, “आमची आहे.” दोघांचंही खरं होतं. वेताळाच्या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफल्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. हिमालयापलीकडे गेलेल्या कथांनी तिबेटी घोंगडं पांघरलं. कुठे त्या 13 झाल्या, कुठे 21. त्यांत याकपाळ आले, जव आला, लोणी आलं.

एक फरक मात्र मुळातला आहे. आपला वेताळ गोष्टीच्या शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, असा धाक घालतो, आणि विक्रम न्याय करण्यासाठी तोंड उघडतो. मोमोलाच्या गोष्टीत कोडं नाही, धाक नाही. मुलगा बोलतो तो फक्त गोष्ट आवडली म्हणून, स्वतःला विसरला म्हणून. आणि तो विसरतो म्हणून पुढची गोष्ट होते. एकदा जरी तो गप्प राहून पोचला असता, तर बाकीच्या गोष्टी कुणाला मिळाल्याच नसत्या. मोमोला सांगताना मुद्दाम थांबायची, आमच्यातलं कुणीतरी ‘मग?’ म्हणेपर्यंत. कुणी म्हटलं नाही तर ती पुढे जात नसे.

त्या गोष्टीच्या उगमाशी बसलेले नागार्जुन कुठले, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. बुतोन रिनछेन द्रुब या तिबेटी पंडिताने 1322 मध्ये बौद्ध धर्माचा इतिहास लिहिला. त्यात नागार्जुनांचा जन्म विदर्भातल्या एका ब्राह्मणाच्या घरी झाल्याचं सांगितलं आहे. रामटेकच्या परिसरातले लोक आजही आपल्याकडच्या डोंगराशी नागार्जुनांचं नाव जोडतात. न्यांगच्या खोऱ्यातल्या चुलीपाशी जिची सुरुवात ‘आचार्य लुद्रुब’, म्हणजे नागार्जुन, यांच्यापासून व्हायची, ती गोष्ट मोमोला विदर्भातच बसून सांगत होती. तिला ते ठाऊक नव्हतं. सांगायला मीही उशिरा शिकलो. पण निर्वासितांची म्हणून आपण जी गोष्ट ऐकतो, तिचा एक धागा आपल्याच मातीतून गेलेला असतो, हे मला तेव्हापासून पटलेलं आहे.

हे सगळं जपण्याची खटपट कमी झालेली नाही. 1959 च्या ऑगस्टमध्ये, हद्द ओलांडून पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा कालिंपोंगला तिबेटी नाटक-संगीताची संस्था उभी राहिली. तीच आज धरमशालेची ‘टिपा’. 2009 मध्ये गेसर राजाचं महाकाव्य आणि ल्हामो हे संगीतनाट्य युनेस्कोच्या यादीत गेलं. गेसर गाणारे द्रुंगखेन हे तर एक आश्चर्यच आहे. त्यांतले कित्येक निरक्षर, आणि स्वप्नात गाणं उतरलं असं सांगणारे. द्राकपा (1906–1986) यांच्या तोंडून उतरवून घेतलेला मजकूरच लाखो ओळींचा आहे. 2005 पासून शिनिंग शहरातले तिबेटी विद्यार्थी आपापल्या गावी जाऊन दुधाची, नांगराची, मळणीची गाणी ध्वनिमुद्रित करू लागले, कारण यंत्रं आली तशी त्यांच्या आयाच ती म्हणायच्या थांबल्या होत्या. 2008 नंतर वसाहतींतून दर बुधवारी, ल्हाकारच्या दिवशी, तरुण मुलं फेर धरून गोरशे नाचतात. नागपूरला हिवाळाभर स्वेटर विकून आलेली पोरंही त्यात असतात.

मी हे सारं मनापासून मोलाचं मानतो. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना, अभ्यासकांना, आणि वसाहतीशेजारी राहणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. म्हाताऱ्या माणसाला ‘गाणं म्हणा’ असं विचारू नका. ‘काय काम करायचात?’ असं विचारा. दांडा कसा धरायचा, पाऊल कुठे टाकायचं, शेजारी कोण असायचं, पोटाला काय मिळायचं, हे विचारा. गाणं त्याच्या मागून येतं. आणि नाहीच आलं, तर ते का येत नाही हे तरी कळतं. तोही इतिहासच आहे. गोष्ट ऐकताना आपलं कामही ठरलेलं आहे: ‘मग?’ म्हणायचं.

1959 साली विशीत असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मोमोला आणि पोपोला आता नाहीत. त्यांच्या पिढीतली जी आहेत, ती गोठणगावला आहेत, मैनपाटला आहेत, बायलकुप्पेला आहेत. त्यांच्याकडे जायला व्हिसा लागत नाही. एक एसटी, थोडं हिंदी आणि दुपारभराचा वेळ पुरतो. ही दुपार आपण यंदाच काढली पाहिजे.